दीड वाजताचा पाहुणा

कुलरसमोर अंग टाकलं की माणूस झोपत नाही, झोपच माणसावर येऊन पडते. चेतनवर ती आता पडतेय. मे महिना आहे, दुपारचा सव्वा वाजलाय, पाथरगावच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. जब्बारभाईंच्या कुलरच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं आहे. आत दुरुस्त झालेला एक मोठा कुलर चाचणीसाठी ढणाढणा चालू आहे आणि ओल्या गवताचा गार वास सगळीकडे भरलाय. चेतननं खाली पुठ्ठा अंथरलाय, उशाला मोटरचं रिकामं खोकं घेतलंय. पोटावर लॅपटॉप उघडाच.

"उठवा बरं जब्बारभाई. चारला कॉल आहे."

"झोप बेटा अर्धा तास. मी आहे ना." जब्बारभाई खुर्चीतूनच म्हणतात. त्यांचेही डोळे अर्धे मिटलेलेच आहेत.

चारचा कॉल साधासुधा नाही. चेतन चोवीस वर्षांचा. बारावीनंतर त्यानं कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. कुलरच्या मोटरी बांधता बांधता मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकला आणि एका सेकंडहँड लॅपटॉपवर त्याला एक वेगळंच वेड लागलं. आकाशात काही उपग्रह असे आहेत की ते रोज पृथ्वीच्या उष्णतेचं येणं-जाणं मोजतात. सूर्याकडून किती ऊन आलं, त्यातलं ढगांनी आणि बर्फानं किती परत फेकलं, तापलेल्या पृथ्वीनं स्वतः किती उष्णता वर सोडली. आलेलं आणि गेलेलं जुळलं तर पृथ्वी आहे तशी राहते. थोडं आत उरत गेलं की ती तापत जाते. हे आकडे फुकट मिळतात, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावेत. चेतननं घेतले. पाथरगाव तालुक्याच्या डोक्यावरचा एक चौकोन धरला आणि सतरा वर्षांचे रोजचे आकडे उतरवून काढले. साडेतीन वर्षं गेली त्यात. गावातलं नेट, दुसरं काय.

त्यातून जे निघालं ते बघून त्याची झोप उडाली होती. एप्रिल-मेमध्ये हा चौकोन इतकं ऊन आत ठेवून घेतो की पुस्तकात तसं कुठंच लिहिलेलं नाही! त्यानं पुण्याच्या एका संस्थेतल्या सरपोतदार मॅडमना मेल टाकला. दीड महिन्यानं उत्तर आलं. आज चारला पंधरा मिनिटं दाखवा, काम नीट असेल तर दोन वर्षांच्या प्रकल्पात तुमच्यासाठी जागा बघू.

सगळं तयार आहे. फक्त सातवी स्लाइड त्याच्या घशात अडकलीय.

ती स्लाइड बावणेकाकाजींबद्दल आहे. यादवराव बावणे हे गावाबाहेरच्या टेकडीवरच्या वेधशाळेत एकतीस वर्षं निरीक्षक होते. तिथं काचेचा एक भरीव गोळा आहे. रोज सकाळी तो पुसायचा आणि त्याच्यामागं एक निळं कार्ड लावायचं. ऊन काचेतून जाऊन कार्डावर एका ठिपक्यात एकवटतं आणि सूर्य सरकेल तसं कार्डाला जाळत पुढं जातं. ढग आला की जळणं थांबतं. संध्याकाळी ती जळकी रेघ मोजली की आज किती तास ऊन होतं ते कळतं. काकाजी रिटायर झाल्यावर चेतन त्यांच्या घरी कुलर दुरुस्त करायला गेला आणि तिथलाच होऊन गेला. पृथ्वी, ऊन, ढग हे सगळं त्याला तिथंच कळलं. रोजच्या तासांची नक्कल काकाजी स्वतःच्या वहीत करून ठेवायचे, ती वही त्यांनी चेतनला दिली. तीन वर्षांपूर्वी, पौषात, काकाजी गेले.

आणि आता वही आणि उपग्रह जुळत नाहीत. उपग्रह म्हणतो, एप्रिल-मेमध्ये आकाश दिवसभर स्वच्छ. वही म्हणते, आज आठ तास ऊन, आज पावणेआठ. दोघांतलं एक कोणीतरी चुकलंय. शेवटी उपग्रह तो उपग्रह. चेतननं काल सातव्या स्लाइडवर लिहून टाकलं, "स्थानिक नोंदींमध्ये दोष. काचेचा गोळा नियमित पुसला जात नसावा."

लिहून दोनदा पुसलं होतं त्यानं, तिसऱ्यांदा ठेवलं. आताही ते पुसावंसं वाटतंय. पण कुलरचा वारा पापण्यांवर बोटं ठेवतो, आवाज लांब जातो, पुठ्ठा मऊ होतो, आणि शटर खडखडत वर जातं.

"जब्बारभाई, इतक्यात?"

"जब्बार नाही बे. मी आहो."

दारात बावणेकाकाजी उभे आहेत. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, हातात काचेचा तो गोळा. धोतराच्या फडक्यानं ते तो पुसतायत, अगदी सावकाश, लहान लेकराचं डोकं पुसावं तसं. चेतनला आठवतं की काकाजी गेलेले आहेत. पण ते आठवणं फार हलकं आहे. बाहेर चप्पल राहिलीय असं आठवावं, तेवढंच.

"काऊन पाहून राहिला असा? चाल, साडेआठच्या नोंदीची वेळ झाली."

"काकाजी, दुपारचा दीड वाजतोय."

"तुझ्याकडं वाजत असन. माझ्याकडं आता घड्याळच नाही. एकतीस वर्षं साडेआठ साडेआठ करत काढली, आता कोणी विचारत नाही. लय मजा आहे बाप्पा."

चेतन शटरखालून वाकून बाहेर येतो. समोर बाजाररस्ता नाहीच. टेकडी आहे, तारेचं कुंपण आहे, चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी आहे. दुकानातले कुलर मात्र इथंही आलेत. कुंपणाच्या कडेनं रांगेत उभे आहेत, त्यांच्या गवताला हिरवे कोंब फुटलेत आणि दोन बकऱ्या ते कुलर निवांत खातायत. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

"मी हे काय करून राहिलो?" काकाजी गोळा उन्हात धरून विचारतात.

"गोळा पुसताय."

"पक्कं नं? लिहून घे. उद्या कोणी पुण्याहून विचारलं तर सांगाले बरं."

चेतनचे कान तापतात. "तुम्हाला कसं कळलं?"

"पोटावर उघडा टाकून झोपला नं लेका. वरून सारं दिसते."

असं म्हणून काकाजी हसतात. पोट धरून हसतात. ते रागावले असते तर बरं झालं असतं, चेतनला वाटतं. खाली मान घालून ऐकून तरी घेता आलं असतं. हसणाऱ्या माणसापुढं काय करायचं?

"काकाजी, मी काय करू? उपग्रह म्हणतो की..."

"हाव, तो म्हणते नं? मग बोलाव त्याले. समोरासमोर होऊन जाऊ दे."

"कोणाला?"

"तुझ्या त्या उपग्रहाले. जेवाले बोलावू. आज रस केला आहे घरी."

झडपांच्या पेटीत खरं तर थर्मामीटर असतात. काकाजी तिचं दार उघडतात तर आत त्यांचं स्वयंपाकघर आहे. दोघं डोकं वाकवून आत शिरतात. हिरव्या रंगाची भिंत, भिंतीवर गेल्या कुठल्याशा साली थांबलेलं कॅलेंडर, जमिनीवर तीन पाट. काकाजींच्या पत्नी कमलकाकू दिसत नाहीत. त्या जिवंत आहेत, लेकीकडं अमरावतीला असतात, म्हणून स्वप्नात त्यांच्या फक्त बांगड्याच आल्यात. बांगड्या किणकिणतात आणि वाटीत आमरस पडतो. बांगड्या किणकिणतात आणि ताटात कुरडई येते.

"बस. दीड झाला का तो येईनच. एक मिनिट इकडं तिकडं नाही करत."

आणि खरंच येतो. दाराएवढी चंदेरी पेटी, दोन्ही खांद्यांना निळ्या काचेचे लांबलचक पंख. पंख चौकटीत अडकतात.

"या, या. जरा तिरपे या," काकाजी उठून म्हणतात. "चेतन, त्या बाजूनं धर रे."

दोघं मिळून, कपाट घरात घेतात तसा, पाहुण्याला आडवा करून आत घेतात. तो पाटावर बसतो. नजर काय तीक्ष्ण! वरणातल्या मोहऱ्या बसल्या बसल्या मोजतो. भिंतीला गेल्या दिवाळीत रंगाचे किती हात दिले ते सांगतो. रस दोन वाट्या ओरपतो, कुरडई मोडतो, मग पोटातून एक चिमुकली वही काढून लिहितो, "या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत आमरस चालतो."

"अहो," चेतन म्हणतो, "असं नाही..."

पण पाहुणा उठलाय. त्याला उत्तर ध्रुवाकडं जायचंय. पुन्हा दोघांनी धरून त्याला तिरपा बाहेर काढावा लागतो. चेतन येऊन पाटावर बसतो, एक घास घेतो, तेवढ्यात दुसरा दिवस होतो आणि दारात पुन्हा पंख अडकतात. दीड. रस. मोहऱ्या. वही. "आजही दिवसभर आमरस." तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. बांगड्यांना आता हसू आवरत नाही, असं त्यांच्या आवाजावरून वाटतं.

पाचव्या दिवशी चेतन पाहुण्याची वाटच अडवतो. "तुम्ही रोज जेवायच्या वेळेलाच येता! तीन वाजता येऊन बघा ना! इथं झाडलोट झालेली असते, पातेलं पालथं असतं!"

पाहुणा ऐकत नाही. त्याला ऐकायला कानच नाहीत, नुसते डोळे आहेत. तो निघून जातो.

चेतन दारात उभाच राहतो. आपण आत्ता काय बोललो ते त्याच्या सावकाश लक्षात येतं. चोराला हाक मारावी आणि आपलंच नाव तोंडातून निघावं, तसं होतं त्याचं.

"काकाजी."

"बोल."

"तो पाथरगाववरून रोज दीडलाच जातो."

"हाव."

"म्हणजे माझ्याकडं सतरा वर्षांचे दीडच आहेत. दिवस नाहीतच."

"रस घे थोडा," काकाजी म्हणतात.

"मी दीडचं आकाश दिवसभराला लावलं!"

"तो काही खोटं नाही बोलला बरं. दिसलं ते लिहिलं. नजर पाहा त्याची, मोहऱ्या मोजल्या माणसानं. त्याचा दोष नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचा दोष." आणि ते चेतनच्या पाठीत एक हलकी थाप मारतात. थाप खरीखुरी लागते.

मग ते खिशातून निळं कार्ड काढतात. त्यावर तपकिरी जळकी रेघ आहे. सकाळी बारीक, अकराला जाड, दीडवर चांगली खोल, दोनवर तशीच, आणि तीनच्या जवळ येऊन कात्रीनं कापल्यासारखी संपलेली.

"वैशाखात काय होते इकडं? दुपारपर्यंत नुसती भट्टी. तीनला पश्चिमेकडून ढग फुलतात. वारं सुटते, धूळ उडते, कधी चार थेंब, कधी तेही नाही. पण ऊन गेलं नं? ढगानं वरच्या वर परत धाडलं. तुझा पाहुणा तवा कुठं असते?"

"बर्फावर."

"बर्फावर! आणि बावणे गोळा पुसत नाही!"

आता चेतनलाही हसू येतं. लाजेच्या मधूनच येतं, पण येतं. हसता हसता त्याला दुसरी गोष्ट आठवते आणि हसू थांबतं.

"काकाजी, दुसरी फाइल होती. मधले तास भरलेली. दुसऱ्या उपग्रहांकडून घेऊन दिवसभराचे आकडे तयार केलेले होते त्यात. मी ती घेतलीच नाही."

"काऊन?"

"तुम्हीच सांगितलं होतं. न पाहिलेला आकडा लिहायचा नाही. मेलं तरी लिहायचा नाही. मला वाटलं, भरलेले आकडे म्हणजे बनवलेले."

 काकाजींचा चेहरा चोरून साखर खाल्लेल्या पोरासारखा होतो. ते दाराकडं बघतात, आवाज खाली आणतात.

"पोरीच्या लग्नात मी नऊ दिवस अमरावतीले होतो. वहीत ते नऊ दिवस कोरे आहेत का?"

"नाही."

"मग कोणी भरले?"

आतून बांगड्या जोरात वाजतात.

"कमलनं," काकाजी म्हणतात. "वऱ्हाड घेऊन मी पुढं गेलो, ती लग्नाच्या दिवशी कार्ड लावून आली आणि रात्री परत गेली. नऊही दिवस टेकडी चढली. गोळा पुसला, कार्ड लावलं, रेघ मोजली, मले फोनवर सांगितली. ऑफिसात कोणाले पत्ता नाही. अरे, कोणीच न पाहिलेलं लिहू नको म्हटलं होतं मी. मी एकट्यानं पाहिलेलंच लिही म्हटलं असतं, तर अर्धी वही कोरी राहिली असती, आणि घरात माझं जेवण बंद झालं असतं ते वेगळं."

"म्हणजे मधल्या वेळेत बघणारं कोणीतरी..."

"ये. दाखवतो."

स्वयंपाकघराचं मागचं दार गल्लीत उघडतं. गल्लीच्या तोंडाशी एका ओट्यावर जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक बाई सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडतेय. अशी बाई प्रत्येक गल्लीत असते. कोण आलं, कोण गेलं, कोणाकडं गॅसची टाकी आली, कोणाची पोरगी उशिरा परतली, सगळं हिला ठाऊक.

"नमस्कार काकू," चेतन म्हणतो. "तीनला आकाश कसं होतं हो?"

"तीनला दोन ढग आले," बाई मान वर न करता सांगते. "सव्वातीनला त्यांची पोरं आली. चारला अख्खं गणगोत. तुमच्या त्या दीडवाल्याला विचारू नको, त्याला काय ठाऊक. जेवला की चालला."

"तुम्ही इथून हलत नाही?"

"मी कायले हलू? गल्ली फिरते तशी मी फिरते, म्हणून गल्ली माझ्यासमोरच राहते. माझा चष्मा जुना आहे बाबू, मोहरी काही दिसत नाही मला. पण हललेलं दिसते."

ती बोलते तसा ओटा उंच होत जातो. चेतनच्या हे आता लक्षात येतं, कारण गल्ली काडीएवढी झालीय, मग पाथरगाव हरभऱ्याएवढं, मग खाली सगळा निळा समुद्र पसरलाय आणि त्याच्यावर हिंदुस्थान उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखा पडलाय. छत्तीस हजार किलोमीटर उंच ओटा, एकाच जागेवर नजर लावून बसणाऱ्या उपग्रहांची जागा. बाई तांदूळच निवडतेय. खडा सापडला की खाली टाकते, तो चमकत जातो.

काकाजी ओट्याच्या कडेला पाय सोडून बसतात. शेजारची जागा थापटतात. चेतन बसतो. खाली बघितलं तर भोवळ यायला पाहिजे, येत नाही. एक मोठा घोट पाणी प्यायल्यासारखं बरं वाटतं.

"आता सांग," काकाजी म्हणतात.

"काय सांगू?"

"सारं. कसं मोजतात, काय मोजतात. मी एकतीस वर्षं येणारं ऊन मोजलं. जाणारं कधी पाहिलं नाही. रोज संध्याकाळी कार्ड काढताना वाटायचं, आलेलं सारं जाते कुठं? कोणाले विचारू? साहेबाले विचारलं तर म्हणायचा, बावणे, तुमचं काम झालं, सही करा."

मग चेतन सांगतो. दुकानात जब्बारभाईंना सांगताना जो अडखळतो तो इथं भडाभडा सांगतो. ते बघा, ढगांच्या माथ्यावर लखलखतंय ते परत चाललेलं ऊन. ते डोळ्यांना दिसतं. वाळवंट बघा कसं फिक्कट दिसतंय, ते थोडं परत टाकतं. समुद्र काळसर आहे, तो पीत बसतो. आणि जे प्यायलं ते तिथंच नाही राहत काकाजी, ते उष्णता होऊन वर येतं, दिवसा येतं, रात्री येतं, पण दिसत नाही.

"दिसत नाही?"

"नाही दिसत. उपग्रहाला कळतं. आपल्याला..."

"थांब." काकाजी त्याचा उजवा हात मनगटाला धरतात. पृथ्वीची रात्रीची कड आता त्यांच्या पायांखाली सरकत येतेय, काळी, मधूनमधून गावांचे दिवे पेरलेली. ते चेतनचा तळवा खाली करून त्या अंधारावर धरतात. "आता?"

आणि लागतं. चुलीवरून नुकताच उतरवलेला तवा असावा आणि त्याच्यावर, न टेकवता, हात धरावा तशी ऊब. सगळीकडून एकसारखी, थोपटल्यासारखी वर येते. दिवसभराचं ऊन आहे हे. कोणाच्या तरी छपराचं, कोणाच्या तरी बैलाच्या पाठीचं, रस्त्याचं, टेकडीचं, सगळ्यांचं मिळून.

"लागून राहिलं," काकाजी कुजबुजतात. त्यांनीही स्वतःचा हात खाली धरलाय. डोळे मिटलेत. मेलेल्या माणसाला इतका आनंद होऊ शकतो हे चेतनला ठाऊक नव्हतं. "अरे चेतन, हे जाते! आलेलं खरंच जाते! मले वाटायचं, मी अर्धंच काम करून चाललो. दुसरं अर्धं तुझ्याकडं निघालं, लेका."

चेतनचे डोळे भरून येतात, पण रडू काही येत नाही. भरलेल्या डोळ्यांतून दिवे मोठे मोठे दिसतात, एवढंच.

"पण काकाजी, चारला काय दाखवू? माझा आलेख गेला. साडेतीन वर्षं गेली. पंधरा मिनिटांत मी फक्त एवढंच म्हणणार का, की मॅडम, मी चुकलो?"

"हाव. एवढंच म्हण."

"मग जागा गेलीच समजा."

"गेली तर गेली. तू दीड दाखव. त्याच्याशेजारी माझी वही ठेव. दोघांत फरक निघते नं? तो फरक कोणाचा आहे?"

चेतन खाली बघतो. खाली पश्चिमेकडून, हरभऱ्याएवढ्या पाथरगावच्या दिशेनं, पांढरे ठिपके फुलायला लागलेत.

"तीन वाजताच्या ढगांचा," तो म्हणतो.

"मग? ते ढग मले एकट्याले दिसले नाही, तुझ्या पाहुण्याले एकट्याले दिसले नाही. दोघांले जोडल्यावर दिसले. आणि बाई आहेच बसलेली, तिले विचार." ते त्याच्याकडं तिरपं बघतात. "सातवी स्लाइड ठेवाची का काढाची ते तू ठरव. मी मेलेला माणूस, मले काय फरक पडते. गोळा मात्र मी रोज पुसत होतो. एवढं लिही."

"लिहितो."

"आणि कमलचं नाव नको लिहू. ऑफिसवाले नऊ दिवसांची चौकशी लावतीन."

बांगड्या लांबून खळखळून हसतात. काकाजी ओट्यावरून उतरतात, जणू खाली पायरी आहे, आणि चालत चालत उन्हाच्या बाजूला जातात. जाताना गोळा डोक्याच्या वर धरतात. तो एकदा असा चमकतो की चेतन डोळे मिटून घेतो.

उघडतो तेव्हा वर पत्रा आहे, त्याला लटकलेला दिवा आहे. कुलर ढणाढणा चालू आहे. जब्बारभाई खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरतायत.

चेतन मोबाइल बघतो. तीन वाजून बेचाळीस मिनिटं.

"जब्बारभाई!"

"हां हां, उठवतो, उठवतो," जब्बारभाई दचकून म्हणतात. "अर्धा तास झाला का?"

चेतन शटरखालून बाहेर डोकं काढतो. रस्त्यावर सावली आहे. पश्चिमेकडून ढग आलेत, एक नाही, अख्खं गणगोत. कागदाचे कपटे गोल गोल फिरतायत. तो तिथंच उभा राहून खो खो हसतो, आणि समोरचा चहावाला फडकं झटकता झटकता थांबून त्याच्याकडं बघतो.

आत येऊन तो सातवी स्लाइड उघडतो. दोन ओळी निवडतो, पुसून टाकतो. त्या जागी टाइप करतो, "गोळा रोज पुसला जात होता. चूक माझी आहे. मी फक्त दीड वाजता पाहिलं." मग भरलेल्या आकड्यांची ती दुसरी फाइल उतरवायला लावतो. चारपर्यंत ती सहा टक्केसुद्धा येणार नाही. नाही आली तर नाही आली.

हे सगळं तो डाव्या हातानं करतोय, हे त्याच्या उशिरा लक्षात येतं. उजवा हात मांडीवर उताणा पडलाय. अडीच तास कुलरसमोर झोपून सगळं अंग गारठलंय, नाकाचा शेंडा गार, डावी बोटं गार. आणि उजवा तळवा गरम आहे.

"जब्बारभाई, जरा हात बघा."

जब्बारभाई हात धरतात. भुवया वर जातात. कपाळाला हात लावून बघतात, डावा हात बघतात, पुन्हा उजवा. "ताप तर नाही. हा एकच कसा काय गरम? उन्हात पडला होता का बाहेर?"

दोघं जमिनीकडं बघतात. शटर अर्ध्यावर आहे, पुठ्ठ्यावर उन्हाची तिरीपसुद्धा पोचत नाही. कुलरची मोटर चार फूट लांब.

"तव्यावर धरला होता जसा काही," जब्बारभाई म्हणतात.

"तसंच काहीसं."

 जब्बारभाई तो तळवा उचलून स्वतःच्या दुखऱ्या उजव्या गुडघ्यावर पालथा ठेवतात आणि वरून आपला हात दाबून धरतात. त्यांचे डोळे हळूहळू मिटतात.

"या अल्ला," ते म्हणतात. "काढू नको. दोन वर्षं झाली, डॉक्टरची कुठलीच गोळी इतकी आत नाही गेली."

"अहो, कॉल आहे माझा."

"मग घे ना. दुसरा हात आहे ना तुला?"

लॅपटॉप वाजायला लागतो. चेतन डाव्या हातानं बटण दाबतो. पडद्यावर चष्मा लावलेल्या एक बाई येतात, मागं पुस्तकांचं कपाट.

"नमस्कार. चेतन ना तुम्ही? हं, दाखवा बघू काय सापडलंय."

"नमस्कार मॅडम," चेतन म्हणतो. "आधी माझी चूक दाखवतो. मग ज्यांचं बरोबर होतं त्यांचं नाव सांगतो."

मॅडम खुर्ची पुढं ओढतात.

"हलवू नको रे," जब्बारभाई डोळे न उघडताच म्हणतात.